साडेचार एकर मातीची गोष्ट

कुंडीत तुळस लावायची असेल तर तुम्ही काय करता? नर्सरीतून रोप आणता. थोडी लाल माती, थोडे शेणखत आणि जमले तर मूठभर वाळू मिसळता. पंधरा दिवसांत रोपाने मान टाकली की पहिला संशय मातीवरच जातो. पाणी साचते आहे का, माती घट्ट झाली आहे का, म्हणून तुम्ही बोटाने उकरून पाहता. एका कुंडीसाठी आपण एवढा विचार करतो, तर एखाद्या शेताच्या मातीवर आठशे वर्षे विचार झाला असेल तर काय घडेल?

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात असे एक शेत आहे. रोमाने-कोंती हे त्याचे नाव. क्षेत्रफळ १.८१ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम साडेचार एकर. एखाद्या मोठ्या क्रिकेट मैदानाएवढी ही द्राक्षबाग. तिच्यातून वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या वाइन निघते आणि ती जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक मानली जाते. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात या बागेची १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरना विकली गेली.

वाइन प्यावी की न प्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. या लेखात आपण बाटलीत डोकावणार नाही. आपण पाहणार आहोत ती बाटलीच्या मागची जमीन. ती कशी तयार झाली, कुणी जपली, कशी आजारी पडली आणि तिला पुन्हा उभे करण्यासाठी माणसांनी काय केले, ही गोष्ट शेतीशी, बागेशी, अगदी बाल्कनीतल्या कुंडीशी नाते असलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

समुद्राच्या तळावरची बाग

दिजों शहरातून दक्षिणेकडे बोन शहराच्या दिशेने निघालात की उजव्या हाताला एक बुटकी, लांबच लांब टेकडी सोबत चालू लागते. तिच्या पूर्वेकडच्या उतारावर द्राक्षवेलींच्या ओळी आहेत. या पट्ट्याला कोत-दोर म्हणतात. दिजोंपासून साधारण २० किलोमीटरवर व्होन-रोमाने नावाचे छोटेसे गाव लागते. गावाच्या मागे, समुद्रसपाटीपासून २६० मीटरच्या आसपास, उताराच्या बरोबर मध्यावर रोमाने-कोंती आहे.

ही जागा एकेकाळी समुद्राखाली होती. ज्युरासिक काळात, सुमारे सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ आणि उबदार समुद्र होता. शिंपले, कालवे आणि समुद्री लिलीसारख्या जिवांचे सांगाडे तळाशी साचत गेले आणि त्यांची चुनखडी झाली. चुनखडीच्या थरांमध्ये चुनामिश्रित चिकणमातीचे मऊ थरही तयार झाले. पुढे भूगर्भातल्या हालचालींमुळे पूर्वेकडची जमीन खचली, सोन नदीचे मैदान खाली गेले आणि टेकडीच्या कडेला हे जुने थर उघडे पडले. केकची एक बाजू सुरीने कापल्यावर आतले थर दिसतात ना, तसेच.

त्यामुळे या उतारावर काही पावले वर-खाली गेले तरी पायाखालचा थर बदलतो. टेकडीच्या माथ्याकडे माती पातळ आणि दगड जास्त. तिथे वेलींना खाण्यापिण्याचे हाल सोसावे लागतात. पायथ्याशी माती खोल आणि ओली. तिथे वेल माजते, पाला खूप येतो, पण द्राक्षांत रस पातळ भरतो. मध्यावर मात्र बेत जमून येतो. रोमाने-कोंतीत मातीचा थर सुमारे ६० सेंटीमीटरचा, म्हणजे दोन फुटांचा आहे. त्यात चिकणमातीचे प्रमाण भरपूर आहे आणि खाली भेगाळलेली चुनखडी आहे.

याचा वेलीला काय फायदा? पाऊस पडला की जास्तीचे पाणी उतारावरून आणि दगडांच्या भेगांमधून निघून जाते. मुळांभोवती पाणी साचत नाही. पाऊस थांबला की चिकणमातीने धरून ठेवलेली ओल वेलीला हळूहळू मिळत राहते. आपले शेतकरी ज्याला चांगला निचरा आणि चांगला वापसा म्हणतात, ते दोन्ही इथे एकाच जागी आहे. शिवाय उतार पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे पहिले ऊन थेट वेलींवर पडते आणि रात्रीचे दव लवकर सुकते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बरगंडीच्या या प्रतिष्ठित बागांना पाणी देण्याची परवानगी नाही. ठिबक नाही, पाट नाही. वेलीला पाणी हवे असेल तर तिने मुळे खाली धाडून ते शोधायचे. वेलीही दाटीने लावतात, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास. म्हणजे एकरी चार हजार झाली. आपल्याकडे नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लागवड केली तर एकरी हजारही वेली बसत नाहीत. इतक्या दाटीत प्रत्येक वेलीच्या वाट्याला थोडीच जागा येते, त्यामुळे तिची मुळे आडवी पसरण्याऐवजी खोल जातात आणि एका वेलीला मोजकेच घड लागतात.

धर्मगुरूंच्या वह्या आणि राजपुत्राची हौस

उताराचा मध्य चांगला, हे आज भूगर्भशास्त्रज्ञ नकाशे काढून सांगतात. पण बरगंडीच्या लोकांना ते शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होते. हे त्यांना कसे कळले?

मध्ययुगात इथल्या बऱ्याच जमिनी ख्रिस्ती मठांकडे होत्या. १०९८ मध्ये जवळच सितो येथे मठ स्थापन झाला आणि तिथल्या संन्याशांनी वूजो गावात भिंतीने वेढलेली मोठी द्राक्षबाग उभी केली. व्होन गावातील जमीन सें-व्हिव्हाँ मठाकडे होती. १२३२ मध्ये बरगंडीच्या डचेसने या मठाला इथल्या जमिनी आणि द्राक्षबागा दान दिल्याची नोंद आहे. मठात माणसे बदलत, पण काम तेच राही. कोणत्या तुकड्यातली द्राक्षे आधी पिकतात, कुठे बर्फ आधी वितळतो, कुठला रस वेगळा लागतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले. त्यानुसार जमिनीचे तुकडे पडले आणि प्रत्येकाला नाव मिळाले. अशा नाव असलेल्या तुकड्याला बरगंडीत 'क्लीमा' म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने बरगंडीच्या १,२४७ क्लीमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत रोमाने-कोंतीचे तेव्हाचे एक प्रमुख ओबेर द व्हिलेन आघाडीवर होते.

राजसत्तेनेही मातीत लक्ष घातले होते. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने हुकूम काढून गामे जातीच्या वेली उपटायला सांगितल्या. गामेला घड भरपूर लागत, पण त्यातून निघणारा माल ड्यूकला हलका वाटे. त्याच हुकमात वेलींना भरमसाट खत घालण्यावरही बंदी होती. जास्त पीक की चांगले पीक, हा वाद सहाशे वर्षांपूर्वीही होता तर! तेव्हापासून या उतारावर लाल वाइनसाठी पिनो न्वार या नाजूक, पातळ सालीच्या जातीचे राज्य आहे.

१७६० मध्ये हा तुकडा कोंतीचा राजपुत्र लुई फ्रांस्वा याने विकत घेतला. राजाची आवडती मादाम द पोंपादूर हिलाही ही बाग हवी होती, असे गावोगावी सांगतात. राजपुत्राने इथली वाइन बाजारात जाऊ न देता आपल्याच मेजवान्यांसाठी राखून ठेवली. पुढे फ्रेंच क्रांती झाली, बाग सरकारजमा झाली आणि १७९४ मध्ये लिलावात निघाली. गंमत पाहा, राजेशाही उलथली, पण विक्रीच्या कागदावर बागेची किंमत वाढावी म्हणून राजपुत्राचे नाव चिकटले ते कायमचे.

शेजारी शेजारी, तरी वेगळे

गावाच्या वरच्या रस्त्यावर उभे राहिलात तर तुम्हाला एक गोष्ट चक्रावून टाकेल. रोमाने-कोंतीच्या लगेच वर ला रोमाने नावाचा दोन एकरांच्या आसपासचा तुकडा आहे, त्याचा मालक वेगळा. उत्तरेला रिशबूर्ग, खाली सें-व्हिव्हाँ मठाच्या नावाची बाग आणि दक्षिणेला ला ग्रांद र्यू हा चिंचोळा पट्टा. त्या पट्ट्यापलीकडे ला ताश. बांध म्हणावा तर कुठे एक बुटकी दगडी भिंत, कुठे पायवाट. तरीही प्रत्येकाचे नाव वेगळे, किंमत वेगळी आणि जाणकारांच्या मते चवही वेगळी.

रोमाने-कोंती ज्या संस्थेच्या मालकीची आहे, तिच्याकडे ला ताशची सगळी, सुमारे सहा हेक्टरची बाग आहे. शिवाय रिशबूर्ग, एशेझो, पांढऱ्या वाइनसाठी प्रसिद्ध असलेले मोंराशे अशा बागांतले तुकडेही आहेत. वेलींची निगा राखणारी माणसे तीच, पद्धत तीच. तरी प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी तोडतात, वेगळी आंबवतात आणि वेगळ्या नावाने बाटलीत भरतात.

मग मातीची चव खरेच द्राक्षात उतरते का? इथे थोडे सावध राहायला हवे. वेल चुनखडी शोषून घेते आणि रसात चुनखडीची चव येते, असे होत नाही. मुळे पाण्यासोबत जी खनिजे घेतात त्यांचे प्रमाण इतके कमी असते की जिभेला ती थेट जाणवत नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. मातीचा परिणाम होतो तो वळणाने. माती किती पाणी धरते, किती लवकर तापते, मुळे किती खोल जातात, यावर वेल किती वाढेल, दाणा केवढा होईल आणि कधी पिकेल हे ठरते. दाणा लहान राहिला की सालीचे प्रमाण वाढते. रंग आणि वास सालीत असतो. म्हणजे माती पदार्थात मिठासारखी पडत नाही, ती शेगडीच्या आचेसारखे काम करते.

मुळाला लागलेली कीड

आता या गोष्टीतला सर्वांत कठीण काळ. १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील द्राक्षवेली अचानक वाळू लागल्या. पाने पिवळी पडत, वेल दोन-तीन वर्षांत मरे. १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलीऐवजी जिवंत वेल उपटून मुळे भिंगाखाली पाहिली. मुळांवर पिवळसर, टाचणीच्या टोकाहून लहान किडे चिकटलेले होते. ही कीड म्हणजे फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर ती आली होती. १८७८ मध्ये ती बरगंडीत पोहोचली.

उपाय अखेर अमेरिकेतूनच आला. तिथल्या जंगली वेलींची मुळे या किडीला दाद देत नव्हती. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी, असे कलम करायचे ठरले. पण चुनखडीच्या जमिनीत बरेचसे अमेरिकन खुंट टिकेनात. त्यांना लोह मिळत नसे आणि पाने पिवळी पडत. चुनखडी हीच तर बरगंडीची ओळख! १८८७ मध्ये फ्रान्सने प्येर व्हियाला या शास्त्रज्ञाला चुनखडीत तग धरणारी वेल शोधायला अमेरिकेत पाठवले. टेक्सासमध्ये मन्सन या द्राक्षतज्ज्ञाच्या मदतीने त्यांना तशा जंगली वेली सापडल्या. त्यांच्यापासून तयार केलेल्या खुंटांवर आज बरगंडीच्या बागा उभ्या आहेत.

इथे महाराष्ट्राशी एक सरळ धागा जुळतो. नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्षशेती करणारे कुणी तुमच्या नात्यात असेल तर त्यांना 'डॉगरिज' हे नाव विचारा. पाण्याची टंचाई आणि क्षारयुक्त जमीन यांवर उपाय म्हणून १९९०च्या दशकापासून महाराष्ट्रात या खुंटावर द्राक्षाची कलमे मोठ्या प्रमाणावर केली गेली. डॉगरिजही टेक्सासच्या जंगली वेलीतून आला आणि त्याची निवडही त्याच मन्सन यांनी केली होती. फ्रेंच शेतकऱ्याची अडचण चुनखडीची, आपल्या शेतकऱ्याची क्षारांची आणि दुष्काळाची. दोघांनाही हात दिला तो टेक्सासच्या रानवेलींनी.

सहाशे बाटल्या आणि सहा कोरी वर्षे

बहुतेक बागांनी जुन्या वेली उपटल्या आणि कलमे लावली. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र आपल्या जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली सोडल्या नाहीत. कलमाने चव बदलेल, ही त्यांना भीती होती. मग त्यांनी किडीशी झुंज घ्यायचे ठरवले. मोठ्या पिचकारीसारख्या अवजाराने प्रत्येक वेलीच्या मुळाशी कार्बन डायसल्फाइड हे विषारी, ज्वालाग्राही रसायन सोडायचे. काम खर्चाचे, धोक्याचे आणि दरवर्षी करावे लागणारे. साडेचार एकर बाग होती म्हणून ते अनेक दशके निभावले.

दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेब मोडला. काम करणारे हात नव्हते, रसायन मिळेना. वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या. १९४५ च्या वसंतात कडाक्याची थंडी पडली आणि कोवळे कोंब जळाले. त्या वर्षी संपूर्ण बागेतून सुमारे ६०० बाटल्याच निघाल्या. अखेर मालकांनी सगळ्या वेली उपटल्या. १९४७ मध्ये कलमांची नवी लागवड झाली आणि १९५२ पर्यंत या बागेची एकही वाइन निघाली नाही. १९४६ ते १९५१, सहा वर्षे कोरी. लेखाच्या सुरुवातीला ज्या बाटलीचा उल्लेख आला, ती या शेवटच्या सहाशेंतली एक.

पण सगळे संपले नव्हते. उपटण्याआधी जुन्या वेलींच्या काड्या काढून त्या शेजारच्या ला ताश बागेत कलम करून ठेवल्या होत्या. नवी लागवड त्याच वंशाच्या काड्यांनी झाली. घर पाडायच्या आधी आजीच्या हातचा मोगरा शेजारच्या अंगणात लावून ठेवावा आणि नवे घर उभे राहिल्यावर त्याची फांदी परत आणावी, तसेच हे. मुळे परकी झाली, पण वर वाढणारी वेल आपलीच राहिली.

माती थकते तेव्हा

महायुद्धानंतर युरोपात शेतीचे रूप पालटले. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, खुरपणीच्या जागी तणनाशके आली. बरगंडीत पोटॅशची खतेही सढळ हाताने पडली. सुरुवातीला पीक वाढले आणि कामगारांचा त्रास वाचला. हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली. जास्त पोटॅशमुळे द्राक्षांतील आंबटपणा कमी झाला. जड यंत्रांनी माती दाबली गेली. तण नसल्यामुळे उघडी पडलेली माती पावसात उतारावरून वाहू लागली.

मृदाशास्त्रज्ञ क्लोद बूर्गिन्यों आणि त्यांच्या पत्नी लिदिया यांनी बरगंडीच्या द्राक्षबागांतली माती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. इथल्या काही बागांच्या मातीत सहाराच्या वाळवंटाहूनही कमी जीवजंतू आहेत, असे क्लोद यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जाहीरपणे सांगितले, तेव्हा खळबळ उडाली. ज्या प्रदेशाने आपली सगळी प्रतिष्ठा मातीवर उभी केली, त्याची मातीच निर्जीव होत होती.

रोमाने-कोंतीने १९८०च्या दशकाच्या मध्यालाच सेंद्रिय शेतीकडे पाऊल टाकले होते. रासायनिक खते आणि तणनाशके बंद झाली, कंपोस्ट आले. साडेचार एकरांत नांगरणीसाठी पुन्हा घोडे आणले. यात दिखाऊपणा आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पण घोड्याचे वजन ट्रॅक्टरपेक्षा खूप कमी असते, दाट ओळींतून तो सहज चालतो आणि माती भुसभुशीत राहते. गांडुळांना आणि मुळांना हवा मिळते.

२००७ पासून ही संस्था आपल्या सर्व बागांत 'बायोडायनॅमिक' पद्धत वापरते. यात गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि नंतर ते पाण्यात ढवळून मातीवर शिंपडतात. चंद्राच्या कलांनुसार कामेही ठरवतात. ही पद्धत ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून आली. शिंगातल्या शेणाचा आणि चंद्राचा नेमका परिणाम शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. पण रसायने टाळणे, कंपोस्ट घालणे आणि बागेत रोज लक्ष ठेवणे यांचा मातीला फायदा होतो, यावर फारसा वाद नाही.

सेंद्रिय शेतीतही अडचणी असतात. पावसाळी हवेत द्राक्षावर डाउनी, म्हणजे आपल्याकडचा केवडा, येतो. त्यावर सेंद्रिय शेतकऱ्याच्या हाती मुख्य हत्यार आहे ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण. नाशिकच्या बागायतदाराला ते चांगले ओळखीचे आहे. ते १८८०च्या दशकात फ्रान्समधील बोर्दो भागात शोधले गेले, म्हणून हे नाव. मोरचुदात तांबे असते आणि तांबे मातीत साचत जाते, नाहीसे होत नाही. जास्त झाले तर गांडुळांना अपाय करते. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे वापरू नये, असे बंधन घातले आहे. 'सेंद्रिय' असे लिहिले म्हणजे मातीला काहीच त्रास नाही, असे समजू नका.

उतारावरून वाहून जाणारी माती हे तर जुनेच दुखणे. पूर्वी बरगंडीत जोराचा पाऊस झाला की मजूर पायथ्याशी साचलेली माती टोपल्यांत भरून, पाठीवर वाहून पुन्हा वर नेऊन टाकत. दोन फूट मातीच्या जिवावर सगळे चालले असेल तर एक टोपलीही मोलाची असते.

तोडणी तेरा दिवस आधी

आता नवे संकट आहे ते हवामानाचे. बोन शहरात द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ सालापासून मिळतात. संशोधकांनी २०१९ मध्ये त्या सलग मांडल्या. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे. १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस आधी होऊ लागली. २००३ च्या उन्हाळ्यात तर ऑगस्टमध्येच तोडणी करावी लागली. द्राक्षे घाईने पिकली की साखर वाढते, आंबटपणा घटतो आणि पिनो न्वारचा नाजूकपणा हरवण्याची भीती असते.

उष्णतेचा फटका थंडीतूनही बसतो. हिवाळा लवकर सरला की कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत हिम पडले की ते जळतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. त्याआधी २०१६ मध्ये मोंराशे बागेत हिमाने इतके नुकसान केले की सात मालकांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम ओंजळभर द्राक्षे आली. एरवी आपापल्या नावाला जपणाऱ्या या सात जणांनी, त्यात रोमाने-कोंतीची संस्थाही होती, सगळी द्राक्षे एकत्र केली आणि मिळून एकच वाइन बनवली. नुकसान सर्वांचे होते, म्हणून घागरही एकच झाली.

ही बाग टिकेल का? पिनो न्वारऐवजी दुसरी जात लावली तर कायद्याने ती रोमाने-कोंती राहणार नाही. टेकडीच्या अधिक थंड भागात बाग हलवताही येणार नाही, कारण नाव त्या साडेचार एकरांचे आहे. म्हणून इथले लोक जे हातात आहे तेच करत आहेत. ओल धरून ठेवणारी जिवंत माती, वेगवेगळ्या जुन्या वेलींच्या काड्या आणि उन्हाचा विचार करून राखलेला पाला.

तुम्ही जाणार असाल तर

फ्रान्सची सहल ठरवत असाल तर एक दिवस इकडे काढा. पॅरिसहून वेगवान रेल्वेने दिजोंला साधारण दीड तासात पोहोचता येते. तिथून स्थानिक रेल्वेने नुई-सें-जॉर्ज गाठा. व्होन-रोमाने तिथून दोन-तीन किलोमीटरवर आहे, सायकलनेही जाता येते.

रोमाने-कोंतीची संस्था पर्यटकांसाठी खुली नाही आणि चव घ्यायलाही कुणी बोलावत नाही. पण बाग उघड्यावर आहे. बुटक्या भिंतीवर एक साधा दगडी क्रूस आणि पाहुण्यांनी बागेत पाऊल टाकू नये अशी विनंतीची पाटी, एवढाच थाट. रस्त्यावर उभे राहून मनसोक्त पाहा, फोटो काढा, पण माती किंवा पान उचलू नका. मुलांनाही आधीच समजावून सांगा.

जवळच वूजोचा जुना वाडा आहे. तिथे मठाच्या काळातले प्रचंड लाकडी द्राक्षघाणे पाहता येतात. बोनमध्ये १४४३ मध्ये गरिबांसाठी बांधलेले, रंगीत कौलांचे इस्पितळ आता संग्रहालय आहे, मुलांना ते नक्की आवडेल. वाइन न पिणाऱ्यांसाठी काळ्या मनुकांच्या चवीची आठवण करून देणाऱ्या कासिस फळाचे सरबत मिळते. चीजचे फुगे, म्हणजे गूजेर, चाखून पाहा. मात्र त्यात अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. सप्टेंबरमध्ये गेलात तर तोडणीची धांदल पाहायला मिळेल. हाताने घड कापणारे, वाकून वाकून कंबर मोडलेले मजूर पाहिले की लिलावातल्या किमतीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

आणि घरी परतल्यावर तुमच्या कुंडीतली माती एकदा हातात घेऊन पाहा. घट्ट ढेकूळ झाले असेल तर ती उकरा, वाळलेला पाला आणि थोडे कंपोस्ट मिसळा, कुंडीच्या तळाचे भोक मोकळे करा. दर दोन-तीन महिन्यांनी हे करत राहा. एखाद्या दिवशी त्यात गांडूळ दिसले तर बाहेर फेकू नका. तुमची माती जिवंत असल्याची ती पावती आहे.